जीभ खोटी, रक्त खरे?

असा प्रसंग कल्पून पाहा. पाहणीसाठी घरी आलेल्या कार्यकर्त्याने सत्तरीच्या आजोबांना विचारले, "आजोबा, तुम्ही घेता का?" आजोबा म्हणाले, "छे! कधीतरी, लग्नकार्यात. तेही घोटभर." कार्यकर्त्याने कागदावर खूण केली. मग आजोबांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. काही दिवसांनी प्रयोगशाळेने कळवले, की रक्तात सापडलेला आकडा 'घोटभर' या उत्तराशी जुळत नाही. आता खरे कोणाचे मानायचे?

मद्यपानाविषयी लोक स्वतः काय सांगतात आणि त्यांच्या शरीरात काय सापडते, यांची तुलना करणारे संशोधन गेली चार-पाच दशके चालू आहे. जगभर वृद्धांची संख्या वाढू लागल्यापासून अशी तुलना साठीच्या पुढच्या माणसांमध्येही होऊ लागली. शोधनिबंधांत निष्कर्ष सहसा जपून मांडलेले असतात. पण वर्तमानपत्रापर्यंत आणि चर्चेपर्यंत पोचेतो त्यांचे एकच वाक्य होते: 'म्हातारी माणसे पिण्याबद्दल खोटे बोलतात, रक्त मात्र खोटे बोलत नाही.' या वाक्याची तपासणी करण्याचा आमचा विचार आहे. वाक्याचा पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा भाग दिशाभूल करणारा आहे, असे आमचे मत आहे.

लोक कमी सांगतात, हे खरेच

आधी मान्य करायचे ते मान्य करू. एखाद्या देशात वर्षभरात किती मद्य विकले गेले याचा आकडा कररूपाने सरकारजवळ असतो. पाहणीत लोकांनी सांगितलेले मद्य देशाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात मोजले, तर अनेक देशांत ते विक्रीच्या जेमतेम ४० ते ६० टक्के भरते. उरलेले मद्य गटारात ओतले गेले नसणार, हे उघड आहे.

पण एवढ्यावरून 'लोक खोटे बोलतात' असे म्हणता येत नाही. सर्वांत जास्त पिणारे लोक पाहणीच्या वेळी घरी सापडत नाहीत, किंवा भाग घ्यायला नकार देतात. जे सापडतात ते सरासरी सांगताना रोजचे लक्षात ठेवतात आणि सणावारचे विसरतात. वृद्धांच्या बाबतीत स्मरणशक्तीचा प्रश्न आणखी मोठा असतो. शिवाय उत्तर देताना सून, मुलगा, नातवंडे शेजारी बसलेली असतात. आजींना हा प्रश्न विचारलाच जात नाही, किंवा त्यांच्या वतीने मुलगाच 'नाही' म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो किती जणांजवळ असतो, हे वाचकांना सांगायला नको. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. अशा ठिकाणी 'हो, घेतो' हे उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरते. २०१४ आणि २०१६ साली चंद्रपुरात एकाच माणसाला तोच प्रश्न विचारला असता, तर उत्तर बदलण्यासाठी त्याचे पिणे बदलायची गरज नव्हती.

गोम प्रश्नातही असते

'दारू' या शब्दात काय काय येते? कोकणातल्या कित्येक वृद्धांच्या लेखी माडी म्हणजे दारू नव्हे. गोव्यात सर्दी झाली की घेतलेला फेणीचा घोट हे औषध असते. विदर्भातल्या आदिवासी गावांत मोहाची पूजेत लागते. एखादी आजी वर्षानुवर्षे दशमूलारिष्ट घेते आणि 'दारूला मी शिवलेसुद्धा नाही' असे मनापासून सांगते. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांच्यात अल्कोहोल असते. त्याचे प्रमाण ८ टक्के धरले आणि दिवसाला ३० मिलिलिटर घेतले, तर २.४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १.९ ग्रॅम अल्कोहोल रोज पोटात जाते. ते थोडे आहे, पण शून्य नाही. आजी खोटे बोलत नाही आणि तिचे शरीरही खोटे बोलत नाही.

आता 'किती?' या प्रश्नाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची यादी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते. तिच्यातला दुसराच प्रश्न 'पिण्याच्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स घेता?' असा आहे. पण एक ड्रिंक म्हणजे किती? ब्रिटनमधल्या एका एककात ८ ग्रॅम अल्कोहोल धरतात, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम आणि अमेरिकेत १४ ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये १२.८४ मिलिलिटर अल्कोहोल येते. अल्कोहोलची घनता ०.७८९ असल्यामुळे त्याचे वजन सुमारे १०.१ ग्रॅम भरते. हा हिशेब विद्यार्थी पाच मिनिटांत करतील. परंतु घरी ग्लासात 'दोन बोटे' ओतणाऱ्याचा पेग ३० मिलिलिटरचा असतो की ५० चा? हातभट्टीच्या दारूला तर छापील टक्केवारीच नसते. माणूस प्रामाणिकपणे 'दोन' म्हणाला, तरी ते दोन म्हणजे किती ग्रॅम, हे त्याला आणि आपल्याला सारखेच अज्ञात असते.

शरीरातल्या खुणा काय सांगतात?

आता दुसरा साक्षीदार. तो एकटा नाही, त्याची पाच रूपे आहेत आणि प्रत्येकाची सवय वेगळी आहे.

जीजीटी या नावाने ओळखले जाणारे एन्झाइम यकृतावर ताण आला की रक्तात वाढते. सतत जास्त पिणाऱ्यांत ते वाढते हे खरे, पण स्थूलता, मधुमेह, यकृताचे इतर विकार आणि फिट्सवरची काही औषधे यांनीही ते वाढते. वृद्धांमध्ये यांतले काहीच नाही असा माणूस शोधावा लागतो.

दुसरी खूण तांबड्या रक्तपेशींच्या सरासरी आकारमानाची, म्हणजेच एमसीव्हीची. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांच्या पेशी मोठ्या होतात. पण ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलिक आम्ल कमी पडले तरी त्या मोठ्या होतात, आणि शाकाहारी वृद्धांत ब-१२ ची कमतरता नवलाची नाही. उलट लोहाची कमतरता असेल तर पेशी लहान होतात आणि दारूची खूण झाकली जाते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे दारू सोडल्यावरही ही खूण कित्येक आठवडे रेंगाळते.

तिसरी खूण सीडीटी. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. बराच काळ भरपूर प्यायल्यास या साखळ्या अपुऱ्या राहिलेले प्रथिन वाढते. ही खूण जीजीटीपेक्षा बरीच नेमकी आहे. पण ती दिसायला रोज ५० ते ८० ग्रॅम अल्कोहोल आठवडा-दोन आठवडे घ्यावे लागते, म्हणजे पाच ते आठ छोटे पेग. रोज रात्री नेमाने दोन पेग घेणारे आजोबा या चाळणीतून सहज निसटतील.

चौथी खूण, लघवीत सापडणारे ईटीजी, अगदी हळवी आहे. पिण्यानंतर दोन-तीन दिवसांपर्यंत ती थोड्याशा मद्याचाही पत्ता देते, मग नाहीशी होते. मूत्रपिंडे मंदावलेल्या माणसात ती अधिक काळ राहते. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल, तर काही जंतू तिला मोडून टाकतात. मंदावलेली मूत्रपिंडे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग या दोन्ही तक्रारी म्हातारपणाच्या आहेत.

पाचवी आणि आज सर्वांत विश्वासार्ह समजली जाणारी खूण म्हणजे फॉस्फॅटिडिल-इथेनॉल, थोडक्यात पेथ. पेशींच्या आवरणातल्या मेदद्रव्याशी इथेनॉलचा संयोग घडवणारे एक एन्झाइम आपल्या शरीरात असते. त्यातून तयार झालेले पेथ तांबड्या पेशींच्या आवरणात साठून राहते. इथेनॉलशिवाय ते बनतच नाही, हा त्याचा मोठा गुण. ते निम्मे व्हायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, म्हणून मागील दोन ते चार आठवड्यांचा अंदाज त्यावरून येतो. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास पिणे नाही किंवा अत्यल्प, आणि २०० च्या वर असल्यास भरपूर, असे ढोबळ टप्पे वापरात आहेत. सारखेच पिणाऱ्या दोघांत मात्र हा आकडा बराच वेगळा येऊ शकतो. त्यामुळे पेथवरून 'पितो की नाही' हे बऱ्यापैकी कळते, पण 'नेमके किती ग्रॅम' हे कळत नाही.

तुलनेतले दोष

साक्षीदारांची ओळख झाल्यावर तुलनेचा पहिला दोष आपोआप दिसतो. प्रश्न विचारला जातो 'गेल्या वर्षभरात' असा, आणि खूण सांगते गेल्या तीन दिवसांचे किंवा तीन आठवड्यांचे. आजोबा शिमग्याला आणि दिवाळीला पीत असतील आणि रक्त आषाढात घेतले असेल, तर जीभ 'हो' म्हणेल आणि रक्त 'नाही'. अशा विसंगतीला मात्र कोणी 'रक्त खोटे बोलले' असे म्हणत नाही. चूक नेहमी एकाच साक्षीदाराच्या माथी मारायची, हा न्याय नव्हे.

दुसरा दोष साध्या अंकगणिताचा आहे. समजा, एका गावात १००० वृद्ध आहेत आणि त्यांतले १०० जण खरोखर भरपूर पितात. आमच्याजवळची चाचणी भरपूर पिणाऱ्या १०० पैकी ६० जणांना ओळखते, आणि न पिणाऱ्या किंवा थोडे पिणाऱ्या १०० पैकी ९० जणांना बरोबर निर्दोष ठरवते. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) चाचणी किती जणांवर बोट ठेवील? खऱ्या पिणाऱ्यांपैकी ६० जणांवर, आणि उरलेल्या ९०० च्या दहा टक्के, म्हणजे ९० जणांवर. एकूण १५० जण 'सापडले', त्यांतले ९० निर्दोष! या ९० जणांनी 'आम्ही फारसे घेत नाही' असे खरे सांगितले होते, पण अहवालात ते 'खोटे बोलणारे' म्हणून मोजले जातील. उलट ४० जण भरपूर पिऊनही सुटतील. चाचणी १०० पैकी ९० पिणारे ओळखणारी आणि १०० पैकी ९९ निर्दोष सोडणारी असेल, तर ९० खरे आणि फक्त ९ खोटे सापडतील. म्हणजे 'किती वृद्ध खोटे बोलले' हा आकडा वृद्धांच्या प्रामाणिकपणावर जितका अवलंबून असतो, तितकाच चाचणीच्या गुणवत्तेवरही असतो. अहवाल वाचताना आम्ही पहिल्यांदा खूण कोणती वापरली ते पाहतो, आणि वाचकांनीही तसेच करावे.

तिसरा दोष सहसंबंधाचा. सांगितलेले पिणे आणि रक्तातला आकडा यांचा सहसंबंध चांगला आला, म्हणजे लोक खरे सांगतात, असे कधी कधी सुचवले जाते. समजा, गावातल्या प्रत्येकाने आपले पिणे बरोबर निम्मे सांगितले. सहसंबंध तरीही तेवढाच चांगला राहील, कारण जास्त पिणारा अजूनही जास्तच सांगतो आहे. सहसंबंध फक्त क्रम जुळतो का ते दाखवतो, किती लपवले ते दाखवत नाही. त्यात एक बाजू ग्रॅममध्ये आणि दुसरी नॅनोग्रॅममध्ये, त्यामुळे सरळ वजाबाकीही करता येत नाही.

वयाचा हिशेब

चौथा दोष आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, कारण तो वृद्धांच्या बाबतीतच घडतो. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरते. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबीचे प्रमाण वाढते आणि पाणी कमी होते. १९८० मध्ये वॉटसन, वॉटसन आणि बॅट यांनी पुरुषाच्या शरीरातील पाण्याचे एक सूत्र दिले: लिटरमध्ये पाणी = २.४४७ − (०.०९५१६ × वय) + (०.१०७४ × सेंटिमीटरमध्ये उंची) + (०.३३६२ × किलोग्रॅममध्ये वजन). १६५ सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाचा माणूस घ्या. पंचविसाव्या वर्षी उत्तर येते सुमारे ३८ लिटर, सत्तराव्या वर्षी ३३.७ लिटर. उंची आणि वजन तेच ठेवूनही चार लिटरहून अधिक पाणी कमी झाले. त्यामुळे तितक्याच दारूने सत्तरीत रक्तातील तीव्रता सुमारे १३ टक्क्यांनी जास्त होईल. त्यात मंदावलेले यकृत-मूत्रपिंड आणि अर्धा डझन गोळ्या यांची भर.

आता तरुण स्वयंसेवकांवर ठरवलेल्या पट्टीने या आजोबांचे रक्त मोजले आणि 'दोन पेग सांगितले, पण रक्तात त्याहून जास्त दिसते' असे निघाले, तर तो फरक जिभेचा की वयाचा? वृद्धांसाठी वेगळी पट्टी तयार केल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. ती तयार न करता काढलेला निष्कर्ष आम्ही अपुरा समजतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी?

कारण दोन्ही बाजूंच्या चुका महाग पडतात. घसरून पडल्यामुळे मांडीचे हाड मोडलेले आजोबा रुग्णालयात दाखल होतात. रोजच्या पिण्याबद्दल कोणी विचारत नाही, किंवा विचारले तरी मुलांदेखत ते सांगत नाहीत. दारू अचानक बंद झाल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते थरथरू लागतात, असंबद्ध बोलू लागतात, आणि घरचे म्हणतात, 'वयामुळे भ्रम झाला.' ही अवस्था जिवावर बेतू शकते. वेळीच कळली तर ती टाळता येते. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर तोल जाणे, श्वास मंदावणे हेही असेच. उलट बाजूला, मधुमेहाने वाढलेल्या जीजीटीवरून निर्व्यसनी माणसावर 'लपवतो आहे' असा शिक्का बसला, तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल का?

विज्ञानालाही किंमत मोजावी लागते. 'थोडी घेतलेली हृदयाला बरी' हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येत होते, आणि त्याचा आधार लोकांनी सांगितलेले पिणे हाच होता. ब्रिटनमधील ७७३५ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासावरून शेपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले, की 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले पुष्कळ जण होते. त्यांच्यामुळे न पिणे धोक्याचे दिसत होते. 'आता घेत नाही' हे त्यांचे उत्तर खरेच होते. 'पूर्वी घेत होतात का? का सोडली?' हे कोणी विचारले नव्हते. पुढे २०१९ मध्ये चीनमधील पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट कळली. सांगितलेल्या पिण्यावरून पाहता, आठवड्याला सुमारे १०० ग्रॅम घेणाऱ्या पुरुषांत पक्षाघाताचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसत होता. पण दारू सोसेल की नाही हे ठरवणाऱ्या जनुकांवरून पिण्याचा अंदाज बांधला, तेव्हा तो फायदा नाहीसा झाला. पिणे वाढेल तसा पक्षाघाताचा धोका वाढतच गेला. जनुके ही पिण्याची थेट खूण नव्हे, पण एका साक्षीदारावर विसंबून राहू नये हा धडा त्यातून मिळतो.

मग चांगली तुलना कशी असावी?

आमच्या अपेक्षा फार नाहीत. प्रश्नाचा आणि खुणेचा कालावधी एकच असावा: पेथ मोजणार असाल तर मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारा. 'दारू' असे न म्हणता माडी, फेणी, मोहाची, देशी, बिअर आणि आसवे यांची नावे घेऊन विचारा, आणि घरातला ग्लास पाण्याने भरून माप घ्या. माणसाला एकट्याला, आदराने विचारा, आणि उत्तर कोणाच्या हाती जाणार नाही याची खात्री द्या. रक्त कशासाठी घेतो ते आधी सांगा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका. विसंगती दोन्ही दिशांनी मोजा. आणि अहवालात 'खोटे बोलणारे' हा शब्द न वापरता 'न जुळणारे' असे म्हणा.

आपल्या देशात हे अवघड नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सहकारी संस्थांबरोबर २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीत पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२ हजार माणसांना भेटून प्रश्न विचारले गेले, आणि कागदावर सुकवलेले रक्ताचे थेंबही घेतले गेले. पेथ अशा सुकलेल्या थेंबातूनही मोजता येते. दोन्ही साक्षीदार एकाच माणसाजवळ, एकाच दिवशी उभे करण्याची सोय अशा पाहण्यांत होऊ शकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांनी हा विषय दारूपासून दूर नेऊन वर्गात करून पाहावा. विद्यार्थ्यांना सांगा, की घरच्या मोठ्यांना 'आपल्याकडे महिन्याला किती युनिट वीज जळते?' असे विचारून आकडा लिहून आणा आणि मग विजेच्या बिलावरचा आकडा शेजारी लिहा. दोन्ही बहुधा जुळणार नाहीत. मग चर्चा करा: घरच्यांनी खोटे सांगितले का? बिल कोणत्या महिन्याचे होते? त्या महिन्यात पाहुणे होते का, पंखे जास्त चालले का? मीटर दोन बिऱ्हाडांत मिळून एकच आहे का? सर्वांनी निम्मेच आकडे सांगितले असते, तर आलेखावर ते कळले असते का?

एवढी चर्चा झाली, की 'मीटर खरे आणि माणूस खोटा' असे एकदम म्हणायला विद्यार्थी कचरतील. पुढे त्यांच्यापैकी कोणी डॉक्टर, परिचारिका किंवा पाहणी करणारा कार्यकर्ता होऊन एखाद्या आजोबांसमोर बसेल, तेव्हा त्याला हे आठवावे, एवढीच आमची इच्छा आहे.